बीटल्स मोठे की क्वीन? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता लिहिलं होतं की आजवरच्या सगळ्या इंग्लिश बँडमध्ये बीटल्सच मोठे, त्यावर सांगली, मिरज, सातारा, कराड, तासगाव, सगळीकडून पत्रं आणि मेसेज आलेत. बऱ्याच जणांना पटलेलं नाहीये. बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय म्हणून फक्त गाव देतोय.

प्रश्न : दादा, आमच्या घरात यावरून रोज वाद आहे. मी बीटल्सवाला आणि मेहुणा क्वीनवाला. तो म्हणतो बीटल्स म्हणजे साधी प्रेमाची गाणी, पोरी किंचाळल्या म्हणून फेमस झाले, खरी गायकी आणि खरी गिटार क्वीनकडं. मला मुद्देसूद उत्तर देता येत नाही. तुम्हीच सांगा. (विश्रामबाग, सांगली)

मेहुण्याचं निम्मं बरोबर आहे. पोरी किंचाळल्या हे खरंच आहे, 9 फेब्रुवारी 1964 ला बीटल्स अमेरिकेत एड सुलिव्हनच्या टीव्ही शोवर आले तेव्हा सुमारे 7 कोटी 30 लाख लोक बघत होते आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या पाचच्या पाच जागांवर त्यांचीच गाणी होती. असं वेड दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. पण तेवढंच असतं तर आज तुम्ही दोघं घरात भांडत बसला नसता.

मेहुण्याला दोन तारखा सांगा. 11 फेब्रुवारी 1963, त्या एका दिवसात बीटल्सच्या पहिल्या अल्बमची दहा गाणी रेकॉर्ड झाली, जॉन लेननला सर्दी, घसा पार बसलेला, म्हणून सगळ्यात ओरडायचं गाणं, ट्विस्ट अँड शाउट, मुद्दाम शेवटी ठेवलं आणि तो फाटका आवाज आजही रेकॉर्डवर तसाच ऐकू येतो. आता दुसरी तारीख, 10 फेब्रुवारी 1967, चार वर्षांना एक दिवस कमी. अ डे इन द लाइफ नावाचं गाणं चाललंय, लेननकडं एक अर्धवट गाणं होतं, पॉल मॅकार्टनीकडं दुसरंच एक अर्धवट, दोन्ही जोडायची ठरवली पण मधे 24 मात्राखंडांची मोकळी जागा राहिली. ती भरायला त्या दिवशी 40 वादकांचा ऑर्केस्ट्रा बोलावला आणि त्यांना सांगितलं की वाद्याच्या सगळ्यात खालच्या सुरापासून चढत चढत वर जा, शेजारचा काय वाजवतोय तिकडं बघू नका. त्यातून जो गलका उठतो तो हेडफोन लावून ऐका, अंगावर काटा येतो. आणि शेवटी बऱ्याच पियानोंवर एकदम दाबलेला एक कॉर्ड, तो विरायला चाळीस सेकंदांच्या वर लागतात. दहा गाणी एका दिवसात उरकणारी ही पोरं चार वर्षांत इथवर आली, आणि तेही एका वेळी चारच आवाज वेगळे टिपता येणाऱ्या चार ट्रॅकच्या मशीनांवर. एवढ्या कमी काळात एवढी मजल मला तरी दुसऱ्या कुठल्या बँडमध्ये दिसत नाही.

आता क्वीन. बोहेमियन रॅप्सडी, 1975, पाच मिनिटं 55 सेकंद. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांची गाणी चालायची, एवढं लांब कोण वाजवणार म्हणून कंपनीवाले घाबरले होते, आणि गाणं इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे एक नंबरला बसलं. मधला ऑपेराचा जो भाग आहे त्यात वाटतं पन्नास-साठ माणसांचा कोरस गातोय, प्रत्यक्षात गाणारे तिघंच, मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवाला ब्रायन मे आणि ड्रमर रॉजर टेलर, ते सगळ्यात वरचे कर्कश सूर रॉजरचे. तिघांनी आपलेच आवाज एकावर एक इतके चढवले की ती टेप मशीनमधून फिरून फिरून झिजली. हे काम साधं नाहीये.

म्हणून मी बँड मोजताना गायक कुणाचा चांगला, गिटार कुणाची फास्ट असल्या हिशोबात पडतच नाही. भजनी मंडळात पखवाजवाला मोठा की टाळकरी असं आपण विचारतो का? मी बघतो की या माणसांनी मिळून असं काय केलं जे त्यातल्या एकालाही एकट्यानं जमलं नसतं. या कसोटीवर दोन्ही बँड अव्वल आहेत. क्वीनमध्ये तर चौघंही गाणी लिहायचे आणि चौघांचीही गाजली, वी विल रॉक यू ब्रायनचं, रेडिओ गा गा रॉजरचं, अनदर वन बाइट्स द डस्ट हे त्या गप्प गप्प असणाऱ्या बेसवाल्या जॉन डीकनचं. फ्रेडीनं 1985 मध्ये स्वतःचा वेगळा अल्बम काढला, आवाज तोच होता पण ती मजा आली नाही. बीटल्स फुटल्यावर लेनन आणि मॅकार्टनी दोघांनीही सुंदर गाणी केली, पण एकमेकांच्या गाण्यातलं गोडमिट्ट काढून टाकणारा, कडवट असेल तर त्यात गोडवा घालणारा जो दुसरा माणूस शेजारी बसायचा तो गेला, आणि ते ऐकू येतं.

तर माझा निकाल असा. गाणं रचणं आणि नवी वाट पाडणं यात बीटल्स पुढं, बऱ्यापैकी पुढं. स्टेजवर क्वीन, तिथं वादच नको. बीटल्सनी ऑगस्ट 1966 नंतर दौरेच बंद केले, कारण किंचाळण्यात त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू यायचं नाही, तेव्हाचे स्पीकर तेवढ्या ताकदीचे नव्हतेच. क्वीनचा 13 जुलै 1985 चा लाइव्ह एडमधला, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या मैफलीतला कार्यक्रम यूट्यूबवर आहे, जेमतेम वीस-एकवीस मिनिटांचा, वेम्बली स्टेडियममध्ये 72 हजार माणसं आणि रेडिओ गा गाला सगळ्यांचे हात एकाच वेळी डोक्यावर. मेहुण्याबरोबर बसून बघा, आणि मग त्याला अ डे इन द लाइफ ऐकवा, बदल्यात.

प्रश्न : मी साताऱ्यात बीएस्सीला आहे. आमच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतात फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीचा म्हणून क्वीन बेस्ट. हे मार्क फुकटचे नाहीत का? (सातारा)

फुकटचे आहेत, कापून टाक. पण पाचगणीचा संबंध ओढूनताणून आणलेला नाही, तो खराच आहे. फारूख बुलसारा, जन्म 1946 चा, झांझिबारचा, घर पारशी. आठ वर्षांचा असताना त्याला पाचगणीला सेंट पीटर्स शाळेत बोर्डिंगला टाकलं. फ्रेडी हे नाव तिथलंच, पियानो शिकला तो तिथंच, आणि शाळेतल्या मित्रांबरोबर हेक्टिक्स नावाचा बँडही तिथंच झाला, त्यात तो पियानोवर असायचा. आठ वर्षांचं पोर समुद्रापलीकडून येऊन आपल्या डोंगरावरच्या थंडीत होस्टेलवर राहतं आणि त्याला एक पियानो सापडतो, मला हे फार मोठं वाटतं. सातारा जिल्ह्याला याचा अभिमान वाटत असेल तर वाटू दे की, त्यात काय चुकलं.

पण क्वीन पाचगणीत घडला नाही. 1964 च्या क्रांतीनंतर त्याच्या घरच्यांना झांझिबार सोडावं लागलं, ते इंग्लंडला गेले, तिथं हा आर्ट कॉलेजात शिकला, आणि ब्रायन आणि रॉजर भेटले ते लंडनमध्ये. ब्रायनची ती लाल गिटार त्यानं वडिलांबरोबर घरी बनवलेली, त्यात जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरलेलं, आणि वाजवतो कशानं तर सहा पेन्सच्या नाण्यानं. हा माणूस पुढं 2007 मध्ये खगोलशास्त्रात पीएचडी झाला. तू सायन्सची आहेस म्हणून मुद्दाम सांगितलं. पाचगणीच्या नावावर मार्क मागणाऱ्या मित्रांना विचार की क्वीनचे ए नाइट अॅट द ऑपेरा आणि शीअर हार्ट अटॅक हे अल्बम अख्खे ऐकलेत का. ऐकले असतील तर मग ते सांगतील ती कारणं वेगळीच असतील आणि जास्त पक्की असतील.

प्रश्न : आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या सतार-तंबोरे बनवायचं काम. बीटल्सनी सतार जगभर नेली म्हणून त्यांचं एवढं कौतुक होतं, पण आमचे आजोबा ते ऐकून म्हणायचे की याला हात धरून बसवायला पाहिजे. खरं काय? (मिरज)

आजोबांचं पहिल्या गाण्यापुरतं शंभर टक्के खरं. नॉर्वेजियन वूड, 1965, बीटल्सचा गिटारवाला जॉर्ज हॅरिसन, त्यानं कुणाकडंही न शिकता सतार हातात घेतली आणि तिच्यावर गिटारची धून वाजवली. मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं, ते नाही, काही नाही, सरळ सूर. तुमच्या घरात घोडीवर कानस फिरवून, तार परत परत छेडून बघत जवारी काढतात, तार घोडीला कुठं नुसती चाटून जाते आणि कुठं सुटते यावर सगळा नाद अवलंबून, हे ज्यानं लहानपणापासून बघितलंय त्याला ते वाजवणं पोरकटच वाटणार. पण त्या एका झणत्काराचा पश्चिमेत केवढा परिणाम झाला बघा, पुढच्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या पेंट इट ब्लॅकमध्ये ब्रायन जोन्सनं सतार वाजवली आणि ते गाणं इंग्लंड-अमेरिका दोन्हीकडं एक नंबरला गेलं.

आणि हॅरिसन तिथं थांबला नाही, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे. 1966 च्या लव्ह यू टूमध्ये सुरुवातीला आलापासारखं आहे आणि मग तबला येतो, तो तबला अनिल भागवतांचा, आणि त्यांचं नाव अल्बमच्या कव्हरवर छापलंय, तेव्हा बीटल्सच्या रेकॉर्डवर बाहेरच्या वादकाचं नाव येणं ही साधी गोष्ट नव्हती. त्याच वर्षी तो मुंबईत येऊन रविशंकरांकडं शिकायला बसला. जानेवारी 1968 मध्ये परत मुंबईत, एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग केलं, त्यातलंच द इनर लाइटचं संगीत. विदिन यू विदाउट यू ऐका, 1967 चं, त्यात दिलरुबा आहे, तिथं पाश्चात्त्य गाण्यावर भारतीय वाद्य चिकटवल्यासारखं अजिबात वाटत नाही. एवढं करून हॅरिसननं ओळखलं की या वाद्यात आपण उस्ताद होणार नाही, आणि सतार बाजूला ठेवून गिटारकडं परत गेला. मोठ्या प्रसिद्धीच्या काळात असं मनाशी कबूल करायला फार प्रामाणिकपणा लागतो.

आणखी एक. 1 ऑगस्ट 1971 ला न्यूयॉर्कमध्ये बांगलादेशासाठी त्यानं आणि रविशंकरांनी कार्यक्रम केला, तिथं सतार-सरोद नुसते जुळवत होते तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. मिरजेत तंबोरा लावताना सगळा दिवाणखाना कसा गप्प बसतो हे तुम्हाला मी काय सांगणार. त्या लोकांना अजून कान यायचा होता, पण तो यायला लागला तो हॅरिसनमुळं.

प्रश्न : विक्रीच्या आकड्यानं बघितलं तर सगळ्यात मोठा बँड कुठला? आकडे खोटं बोलत नाहीत ना? (कराड)

आकडे खोटं बोलत नाहीत, पण ते कसे मोजलेत हे विचारायचं. अमेरिकेत ईगल्सचा पहिला ग्रेटेस्ट हिट्स अल्बम 2006 मध्ये 29 वेळा प्लॅटिनम (एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख अल्बम) होता आणि 2018 मध्ये एकदम 38 वेळा झाला आणि मायकल जॅक्सनच्या थ्रिलरच्या पुढं गेला. मधल्या बारा वर्षांत एवढे लोक दुकानात गेले असं नाही, आता मोजताना ऑनलाइन ऐकलेलंही धरतात, 1500 वेळा गाणी वाजली की एक अल्बम. दोन डिस्कचा अल्बम असेल तर एका सेटचे दोन धरलेत, पिंक फ्लॉइडचा द वॉल आणि बीटल्सचा व्हाइट अल्बम यांचे मोठे आकडे असेच झालेत. आणि मुळात दुकानाला पाठवलेला माल मोजतात.

एक आकडा मात्र मला खरंच महत्त्वाचा वाटतो. पिंक फ्लॉइडचा डार्क साइड ऑफ द मून, 1973 चा, अमेरिकेच्या पहिल्या दोनशेच्या यादीत 1988 पर्यंत 741 आठवडे होता. एकदम उसळी मारून नाही, वर्षानुवर्षं कुणी ना कुणी नवीन पोरगं तो विकत घेत राहिलं. असं टिकणं जाहिरातीनं होत नाही.

आणि आपली माणसं तर कुठल्याच यादीत नाहीत. आपल्याकडं कॅसेट भरून द्यायची दुकानं होती, साठची कोरी कॅसेट आणि वहीच्या कागदावर गाण्यांची यादी द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. एका बाजूला तीस मिनिटं, शेवटचं गाणं बसलं नाही तर मधेच कापलं जायचं. ईगल्सचं हॉटेल कॅलिफोर्निया साडेसहा मिनिटांचं, त्यातली डॉन फेल्डर आणि जो वॉल्शची ती शेवटची दोन गिटारींची जुगलबंदी कितीतरी जणांनी कॅसेटवर अर्धीच ऐकलीय, आणि तरी त्या गाण्यावर जीव टाकलाय. हे सगळे ऐकणारे अमेरिकेच्या हिशोबात कुठं येणार?

प्रश्न : आपल्या संगीतकारांना चोर चोर म्हणतात, मग लेड झेपेलिनला कुणी का म्हणत नाही? (राजवाडा, सातारा)

म्हणतात की, कोर्टात जाऊन म्हणालेत. झेपेलिनच्या होल लोटा लव्हवरून ब्लूजवाल्या (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत) विली डिक्सननं 1985 मध्ये दावा टाकला, तो मिटवला आणि पुढं गाण्यावर त्याचं नाव लागलं. ते योग्यच झालं, उलट आधीच लावायला पाहिजे होतं, या बँडबद्दल माझा खरा राग तोच आहे. ज्या काळ्या कलाकारांनी हे संगीत गरिबीत जन्माला घातलं त्यांचं नाव छापायला यांना काय जड होतं? स्टेअरवे टू हेवनवरही खटला झाला, पण तो 2020 मध्ये झेपेलिनच्या बाजूनं संपला. तिथं कॉर्डची उतरती ओळ सारखी होती, आणि तसली उतरती ओळ शेकडो वर्षं वापरात आहे, ती कुणा एकाची नाही. हॅरिसनही यातून सुटलेला नाही, माय स्वीट लॉर्डबद्दल 1976 मध्ये कोर्टानं सांगितलं की नकळत का होईना पण चाल उचललीय.

आपल्याकडचं बघायचं तर आरडींचं मिल गया हमको साथी आणि अॅबाचं मामा मिया लागोपाठ लावून बघा, मुखडा तोच आहे. पण अंतऱ्यात आरडी जिथं नेतात तिथं अॅबा जात नाही. उचललं तर उचललं म्हणा, आणि त्यावर स्वतःचं काय बांधलं तेही बघा, दोन्ही बोलायचं. झेपेलिनच्या बाजूनं एवढं सांगतो की त्यांचा गिटारवाला जिमी पेज आणि गायक रॉबर्ट प्लांट 1972 मध्ये मुंबईत आले आणि इथल्या वादकांना घेऊन स्वतःचीच दोन गाणी, फ्रेंड्स आणि फोर स्टिक्स, परत रेकॉर्ड केली. त्यांच्या जॉन बॉनमचे ड्रम्स ज्यानं नीट ऐकलेत तो या बँडला चिल्लर म्हणणार नाही. 1980 मध्ये बॉनम गेला आणि बाकीच्यांनी बँडच बंद केला, दुसरा ड्रमर बसवला नाही. माझ्या कसोटीला यापेक्षा मोठा पुरावा नाही.

प्रश्न : बोनी एम खोटा बँड होता म्हणे? बाबांना सांगितलं तर त्यांना वाईट वाटलं. (विटा)

बाबांना वाईट वाटून घेऊ नका म्हणावं. नाचणारा तो बॉबी फॅरेल रेकॉर्डवर गात नव्हता हे खरं, तो जाड आवाज निर्माता फ्रँक फॅरियनचा. चौघांपैकी रेकॉर्डवर गायच्या त्या लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट, आणि त्या खरंच छान गायच्या. रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन 1978 मध्ये इंग्लंडात एक नंबरला होतं, मूळ गाणं जमैकाच्या मेलोडियन्सचं, शब्द बायबलमधले. लिझचा आवाज त्यात खोटा कुठं आहे? माझ्या कसोटीवर बोनी एम बीटल्सच्या रांगेत बसत नाही, कारण ते एका माणसानं स्टुडिओत जमवलेलं काम आहे. पण आपल्याकडं खेडोपाडी लग्नात, गॅदरिंगला, टेम्पोत इंग्लिश गाणं म्हणून पहिल्यांदा जे वाजलं ते डॅडी कूल आणि रासपुतिन. इंग्लिशचा एक शब्द न येणाऱ्या माणसाला त्यांनी नाचवलं. बाबांना लिझचा आवाज परत एकदा ऐकवा, चांगल्या स्पीकरवर.

प्रश्न : मला इंग्रजी फारसं येत नाही, पण ही गाणी आवडतात. नवरा म्हणतो शब्द कळत नाहीत तर काय ऐकतेस. मी सुरुवात कुठून करू? (तासगाव)

ताई, शब्द न कळता आपण कानडी भजनं ऐकतो, बंदिशीतली ब्रज तरी कुठं सगळ्यांना कळते. तुम्ही ऐका. शब्दांच्या मागं लागण्याआधी एकेक वाद्य धरा. बीटल्सचं समथिंग लावा, 1969 चं, गाणं हॅरिसनचं आहे पण तुम्ही पहिल्यांदा फक्त मॅकार्टनीचा बेस ऐका, खाली जाड आवाजात काहीतरी सारखं फिरत असतं ना तो, तो स्वतःच एक वेगळी चाल गातोय. दुसऱ्यांदा रिंगो स्टारचे ड्रम्स. रिंगो डावखुरा, पण वाजवायचा उजव्या हाताच्या मांडणीवर, म्हणून त्याचे मधले तुकडे जरा वेगळ्याच बाजूनं येतात. तिसऱ्यांदा मधली गिटार. मग अॅबाचं डान्सिंग क्वीन, त्यातल्या दोघी गायिकांचा आवाज जिथं एक होतो तिथं कोण कुठलं ते ओळखायचा प्रयत्न करा, नुसतं पॉप म्हणून या बँडला हिणवणारे एवढंही ऐकत नाहीत. त्यानंतर क्वीनचं अनदर वन बाइट्स द डस्ट, बेससाठी. पिंक फ्लॉइड लगेच नको, ते एका बैठकीत अख्खा अल्बम ऐकायचं काम आहे, डार्क साइड ऑफ द मूनला त्रेचाळीस मिनिटं लागतात, घरचं आवरल्यावर रात्री करा. फोनच्या स्पीकरवर बेस ऐकूच येत नाही, तेवढे साधे वायरवाले हेडफोन घ्या, आणि एक बाजू नवऱ्याच्या कानात घाला.